दुपारी चारला माती

मेलेल्या नवऱ्याचा आवाज मोबाईलमध्ये घेऊन सिल्व्हिया साळवे मंगळवारी सकाळी साडेआठलाच अहिल्यानगरला येऊन थडकली, तेव्हा स्टीफनकाका पेपरातलं राशिभविष्य वाचत होते. भविष्यावर आपला काडीचाही विश्वास नाही असं ते दर रविवारी चर्चमध्ये ठासून सांगत आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस न चुकता ते वाचत.

ऑफिस प्रार्थना गायकवाडचं. अकरा वर्षं विम्याचे खोटे दावे पकडून कंटाळल्यावर तिने दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी लावली होती. स्टीफनकाका तिच्या वडिलांचे मित्र, निवृत्त मराठी शिक्षक. ते तिची गाडी चालवत, चहा सांगत आणि प्रत्येक प्रकरणात सगळ्यात आधी चुकीच्या माणसावर संशय घेत.

“सर, तुम्ही इथे?” सिल्व्हिया काकांना बघून थबकली. “नॅथन तुमचाच विद्यार्थी.”

काकांना ते सांगायची गरज नव्हती. आठवीतल्या नॅथनला पाठांतराच्या स्पर्धेसाठी त्यांनीच उभं केलं होतं. पुढे हाच पोरगा कर्जतच्या स्थानिक केबलवर रोज सकाळी सात वाजता ‘उठला का तालुका?’ हा कार्यक्रम करू लागला. बातम्या, बाजारभाव, वाढदिवस, निधनवार्ता आणि शेवटी कुणातरी पाहुण्याशी गप्पा. सगळा तालुका त्याच्या आवाजावर दात घासायचा. सहा महिन्यांपूर्वी झोपेतच त्याचं हृदय थांबलं. तेव्हापासून त्याच्या खुर्चीत सिल्व्हिया बसत होती.

“गेल्या आठवड्यात सोमवारी मी निधनवार्ता वाचत होते,” ती म्हणाली. “दोन होत्या. दुसरी संपली आणि अचानक पडद्यावर एका आजीबाईंचा फोटो आला. पाठोपाठ हा आवाज.”

तिने क्लिप लावली. नऊवारी नेसलेली एक म्हातारी निळ्या पडद्यासमोर ताठ बसली होती. आवाज नॅथनचा होता, यात काकांना कणभरही शंका नव्हती. ‘स’ म्हणताना जरा थांबायची त्याची सवय त्यांनी स्वतः घालवायचा प्रयत्न केला होता आणि हरले होते.

“दुःखद निधन. मिरजगाव येथील लंकाबाई माणिक घालमे यांचे निधन झाले आहे. त्यांच्या पश्चात मुलगा रामहरी, सून रुपाली, मुलगी आरती आणि जावई योसेफ असा परिवार आहे. अंत्यविधी आज दुपारी चार वाजता ओढ्याकाठच्या स्मशानभूमीत होईल. कितीही लांबून यायचं असलं, तरी यावं.”

आवाज संपला. मग दोन क्षण शांतता, आणि त्या शांततेत एका बाईचा अगदी हळू आवाज आला. “हं.”

काकांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“लंकाबाई जिवंत आहेत,” सिल्व्हिया म्हणाली. “पंधराव्या मिनिटाला त्यांच्या मुलाचा शिव्यांचा फोन आला. मी लगेच खुलासा केला. पण निधनाच्या क्लिपा लोक मोबाईलवर धडाधड पुढे पाठवतात, खुलासा कोण पाठवतो? आता म्हातारीने अंथरूण धरलंय. आठ दिवस चहाच्या घोटावर आहेत. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही. गाव म्हणतं, नॅथनने बोलावणं धाडलंय.”

तिने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. “त्या गेल्या, तर माझ्या नवऱ्याच्या आवाजाने एक जीव घेतला असंच होईल. ते मला सहन होणार नाही, ताई. तो कधी कुणाशी वाईट वागला नाही.”

“निधनवार्तेत नॅथन वय सांगायचे का?” प्रार्थनाने विचारलं.

“नेहमी. वय आणि वार. तारखेचा घोळ नको म्हणून वार सांगायचाच, असा त्याचा नियम होता.”

“यात दोन्ही नाही.” प्रार्थना उठली. “काका, गाडी काढा.”

---

कर्जतचा स्टुडिओ म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची एक खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, मागे चुण्यांचा निळा पडदा. काकांना पाहुण्याच्या खुर्चीत बसवलं गेलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

कंप्युटर सांभाळणारा छगन पस्तिशीचा, काटकुळा. त्याच्या मनगटात एक नवाकोरा काळा दोरा होता.

“आपोआप लागली ती क्लिप,” तो म्हणाला. “म्या हातबी लावला न्हाई.”

“कंप्युटरमध्ये होती ना पण?”

“हुती… आसंल. सरांचं लई काय काय हाय त्येच्यात.”

“निधनवार्ता तुमच्याकडे कशी येते?”

“सकाळी साडेसहापर्यंत फोन येतो न्हाईतर मेसेज. सरांचा नियम हुता, घरच्यांचा फोन आला तरी गावातल्या दुसऱ्या मानसाला इचारून खात्री करायची. मगच लावायची.”

“त्या सोमवारी खात्री कुणाकडे केली?”

छगनने दोऱ्याला हात लावला. प्रार्थना काही न बोलता थांबली. ही तिची जुनी खोड. समोरच्याला शांतता खायला उठते आणि तो बोलून टाकतो, हे काकांनी पुष्कळदा पाहिलं होतं, तरी दर वेळी त्यांनाच आधी काहीतरी बोलावंसं वाटायचं.

“फोन आल्ता,” छगन अखेर म्हणाला. “सहाच्या आधीच. म्हातारी बाई हुती. म्हनली, ‘लंकाबाई रात्री गेली. नॅथन सरांनी भरून ठिवलेलं हाय ते लावा.’ म्या शोधलं, तर खरंच त्येंच्या नावाची फाईल हुती. सर गेले तरी म्या त्येंचं काय पुसलं न्हाई. म्हनलं, आतल्या मानसाचाच फोन आसनार, खात्री कशाला? अन् मग कळलं, लंकाबाई जित्ती हाय.”

“नंबर कुणाचा होता?”

“पुसून टाकला. ताई, लंकाबाई मेली न्हाई, अन् ती फाईल सरांबिगर कुनाला ठावं न्हाई. मग फोनवर कोन हुतं?” त्याने सिल्व्हियाकडे बघितलं. “म्यॅडम, मला कामावरनं काढा, पन मला पुन्यांदा त्या खोलीत पहाटं एकट्याला बसाय लावू नका.”

जिना उतरताना काका कुजबुजले, “हाच. याच्याच डोक्यातून निघालंय.”

“कशासाठी, काका?”

काकांनी गाडीची किल्ली शोधायला घेतली.

---

मिरजगावला घालम्यांचं घर रस्त्यावरच होतं. समोर ओटा, ओट्यावरून एसटीच्या थांब्यापर्यंत सगळा रस्ता दिसे. रामहरी पन्नाशीचा, दांडगा. सिल्व्हियाला बघताच त्याच्या कपाळाची शीर फुगली.

“आता काय ऱ्हायलंय?” तो म्हणाला. “तुमच्या मानसानं मेल्यावरबी आमचं घर सोडलं न्हाई.”

“ही बातमी तुम्ही कधी दिली होती का?” प्रार्थनाने विचारलं. “आधी कधी, नॅथन सरांना?”

“मी? अन् त्येच्यात आरतीचं नाव घालीन? जावई म्हने!” तो ओट्यावर थुंकायला वळला आणि बायकोकडे बघून थांबला. “एकोनीस वर्षं झाली, त्या नावाचा ह्या घरात उच्चार न्हाई. त्या योसेफ डायवरसंग पळून गेली. बाप गेला तवा आल्ती, तर मी दारातनं माघारी लावली. बापानं मरताना आईकडनं वचन घेतलंय, जित्या जिवानं तिला हाक मारायची न्हाई. आईनं पाळलंय.”

“आरती राहते कुठे?”

“कुनाला ठावं. मी इचारत न्हाई.”

“आईंचा फोटो तुम्ही केबलवाल्यांना दिला?”

“आईचा फोटूच न्हाई आमच्याकडं. आधारकार्डावर हाय तेवढा.”

रुपालीने पाणी आणलं. ती हळू बोलणारी, डोळे सुजलेले. प्रार्थना तिच्याबरोबर स्वयंपाकघरात गेली आणि काकांना दाराशी उभं केलं. रामहरीने आत येऊ नये, एवढंच त्यांचं काम.

“त्या सोमवारी काय काय झालं, पहिल्यापासून सांगा,” प्रार्थना म्हणाली.

“मला तर आधीच चुटपुट लागली हुती,” रुपाली म्हणाली. “आत्याबाई पहाटंच न्हाल्या. ठिवनीतलं लुगडं नेसल्या. मी म्हनलं, आज काय सन हाय का? तर कायच बोलल्या न्हाईत. मरनारं मानूस असंच करतं म्हनत्यात ना? मग टीव्हीवर ते लागलं. मी किंचाळले. ह्यांनी फोन केला. मानसं गोळा झाली, काही रडत आली, काही हसत गेली.”

“आणि सासूबाई? ऐकताना त्या काय करत होत्या?”

“गप बसून ऐकलं. मग ओट्यावर जाऊन बसल्या. दिवसभर. जेवायला बी उठल्या न्हाईत. म्हनाल्या, हितंच आन. दिवा लागायच्या टायमाला आत आल्या अन् आडव्या झाल्या. तवापास्नं अशाच. भाकर न्हाई, काय न्हाई. दाताला मिश्री लावल्याबिगर त्येंचा दिस उगवत न्हाई, तर ती डबीसुदिक उघडली न्हाई.”

“दुपारी जेवल्या होत्या मग?”

“व्हय. अर्धी भाकर खाल्ली की ओट्यावर.”

“घराबाहेर कधी जातात का त्या एकट्या?”

“कुठं जात्यात? मागल्या वर्षी मोतीबिंदूचं केलं, तवा कर्जतला दोन-चार खेपा झाल्या. हे सोडायचे अन् आपलं काम उरकून आनायचे.”

लंकाबाई माजघरात खाटेवर होत्या. भिंतीकडे तोंड. अंग अगदी आटलं होतं, पण डोळे उघडे आणि स्वच्छ. काकांना वाटलं होतं, इथे भीती दिसेल. तशी भीती त्यांनी पाहिली होती, गावाकडे, झपाटलं म्हणून आणलेल्या माणसांच्या तोंडावर. ही म्हातारी घाबरलेली नव्हती. ती कशाचीतरी आशा सोडून पडली होती आणि ते काकांना भीतीहून वाईट वाटलं.

“आजी, पाणी देऊ?” प्रार्थनाने विचारलं.

“हं,” म्हातारी म्हणाली.

काकांच्या पाठीतून थंड शिरशिरी गेली. का गेली, ते मात्र त्यांना कळेना.

---

“एक गोष्ट सांगायची ऱ्हायली,” रुपाली त्यांना दारापर्यंत सोडायला आली, तेव्हा नवरा ऐकत नाही असं बघून म्हणाली. “त्याच सोमवारी मसणवटीत करनीचं सापडलंय. गावात कुनी हात लावत न्हाई त्येला.”

ओढा घरापासून अर्ध्या मैलावर, गावाच्या पलीकडच्या अंगाला. घरावरून रस्ता तिकडे जात नव्हता. दुसऱ्या बाजूने गाडीवाट येत होती. दहन करायच्या ओट्याशेजारी एक सपाट दगड, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, वर वारा लागू नये म्हणून धोंडा. आसपास चिटपाखरू नव्हतं. बाभळीखाली शेळ्या घेऊन बसलेली एक बाई, छबूबाई तिचं नाव, मात्र त्यांना बघून लांबूनच ओरडली, “हात नगा लावू, बाई!”

“तुम्ही पाहिलं का कुणाला ठेवताना?”

“मानसाला कशाची बघतीया? हडळ हुती ती! लोक म्हनाले लंकाबाई मेली न्हाई, अन् म्या हितं चार-साडेचारला आले, तर दगडावर पांढऱ्या साडीतली बाई बसल्याली. डोक्यावरनं पदर, तोंड दिसंना. रडत हुती. हुंदका नुसता. मेल्याली कुनी न्हाई, सरण न्हाई, मग ही रडती कुनासाठी? म्या शेळ्या टाकून पळाले.”

स्टीफनकाका दोन पावलं मागे सरले. हात त्यांच्या नकळत छातीशी गेला. भर दुपारचं लख्ख ऊन होतं आणि तरी त्यांना घरी जावंसं वाटत होतं.

प्रार्थनाने पिशवी उघडली. आत कोरं नऊवारी लुगडं होतं, पांढऱ्यावर बारीक निळी काडी. घडीत एक नारळ. आणि एक छोटी पत्र्याची डबी. डबीत काळी भुकटी.

“मसणातली राख,” काका पुटपुटले.

प्रार्थनाने डबी नाकाशी नेली. मग काकांच्या नाकाशी धरली. काका आधी दचकले, मग शिंकले.

“लिंबू आहे का यात, काका? टाचण्या? कुंकू?”

“नाही.”

“करणी करायला निघालेला माणूस कुंकू विसरेल?”

तिने पिशवीवरचा छापलेला नंबर मोबाईलमध्ये घेतला आणि बाभळीकडे जाऊन दोन फोन केले. पहिला बराच वेळ चालला. दुसरा तिने लावला आणि पलीकडून उचलायच्या आतच बंद केला.

“आज सोमवारपासून कितवा दिवस?” परत येत तिने विचारलं.

काकांनी बोटं मोजली. “नववा.”

“मग आजच बोलायला हवं.”

---

लंकाबाईंच्या खाटेभोवती सगळे जमले. रामहरी दाराला टेकून, रुपाली सासूच्या पायाशी, सिल्व्हिया खिडकीत. काका स्टुलावर. त्यांचा छगनवरचा संशय अजूनही सुटला नव्हता आणि तसं त्यांनी गाडीत दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

“आधी भुताचं संपवू,” प्रार्थना म्हणाली. “आवाज नॅथन सरांचाच आहे. जोडलेला नाही, बनवलेला नाही. फक्त त्यांनी ही बातमी जिवंतपणी भरून ठेवली. म्हणूनच तिच्यात वय नाही आणि वार नाही. ज्या दिवशी लागेल तो दिवस कोणता, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.”

“पन सांगितली कुनी त्येला?” रामहरी म्हणाला.

“तेच बघू. तुम्ही सांगितली असती, तर आरतीचं नाव आलं नसतं. आणि माती चारला? आपल्याकडे सकाळी कळलं तर दुपारच्या आत उरकतात. चार वाजेपर्यंत ठेवायचं, ते लांबून येणाऱ्या एखाद्या माणसासाठी. ‘कितीही लांबून यायचं असलं तरी यावं.’ ही बातमी तालुक्याला सांगितलेली नाही, दादा. एकाच बाईला सांगितलेली आहे.”

प्रार्थनाने सिल्व्हियाच्या मोबाईलवरची क्लिप त्याच्यापुढे धरली.

“फोटो पाहिलात? मागे निळा पडदा. चुण्या पडलेला. आज सकाळी काका त्याच पडद्यापुढे बसले होते. घरात फोटो नव्हता, तर मग फोटो त्या स्टुडिओत काढला गेला. म्हणजे ज्यांची बातमी, त्या स्वतः तिथे बसल्या होत्या. मोतीबिंदूच्या खेपेला, तुम्ही कामं उरकत होतात तेव्हा. सरांनी वाचून दाखवलं आणि त्यांनी मान्य केलं. ते शेवटचं ‘हं’ आहे ना, तेच आज पाणी देऊ का विचारलं तेव्हा आपण सगळ्यांनी ऐकलं.”

काकांना आता कळलं, मघा शिरशिरी का आली ते. बाकी सगळ्यांनी खाटेकडे बघितलं. म्हातारी भिंतीकडेच बघत होती.

“त्या फाईलची माहिती तिघांना,” प्रार्थना पुढे म्हणाली. “एक सर, ते गेले. दुसरा छगन, पण त्याला फोन येईपर्यंत पत्ता नव्हता. आपोआप लागली असं खोटं बोलला तो नियम मोडला म्हणून, बाकी बिचारा खरंच भ्यालाय. तिसऱ्या, त्या फोटोत बसलेल्या बाई. पहाटे फोन करणारी म्हातारी भूत नव्हती. ती न्हायला उठली होती.”

“आत्याबाई?” रुपालीच्या तोंडून निघालं.

“तुम्हीच मला सांगितलंत, ताई. बातमी लागली सकाळी सव्वासातला. भ्यायलेलं माणूस तेव्हाच अंथरूण धरतं. ह्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, अर्धी भाकर खाल्ली आणि एसटीच्या रस्त्याकडे तोंड करून दिवसभर ओट्यावर बसल्या. आडव्या झाल्या त्या दिवेलागणीला. बातमीने त्या पडल्या नाहीत. वाट बघून पडल्या.”

खाटेवर हालचाल झाली. लंकाबाईंनी पहिल्यांदाच कूस बदलली.

“सर न्हाई म्हनले हुते,” त्या म्हणाल्या. आवाज खोल, कोरडा. “म्हनले, आजी, तुमी जित्या हाय तवर मी खोटं लावनार न्हाई. खरंच जाल तवा लावीन, हे वचन देतो. लई चांगला मानूस. मग त्योच गेला माझ्याआधी.” त्यांनी श्वास घेतला. “मेल्यावर ती येनारच. पर मेल्यावर म्या कशी बघनार? मला डोळं उघडं आसताना बघायचं हुतं. जित्या जिवानं हाक मारनार न्हाई म्हनले हुते मालकांना. म्या न्हाई मारली. सरांनी मारली.”

खिडकीत सिल्व्हिया तोंडाला ओढणी लावून रडू लागली. नॅथन खोटं लावायला नाही म्हणाला होता, एवढं एकच वाक्य तिला हवं होतं. काकांचेही डोळे भरले. आपल्या हाताखालून गेलेलं पोर असं निघालं, याचा त्यांना त्या क्षणी फार अभिमान वाटला.

“न्हाई आली ती,” लंकाबाई म्हणाल्या. “आईची माती हाय कळलं, तरी न्हाई आली. आता कशाला खायाचं?”

“आली होती,” प्रार्थना म्हणाली.

तिने पिशवी खाटेवर ठेवली. रुपाली घाबरून मागे सरली, पण प्रार्थनाने लुगडं काढून म्हातारीच्या हातावर ठेवलं.

“चार वाजता ओढ्याकाठी एक बाई दगडावर बसून रडत होती. छबूबाईने तिला हडळ ठरवलं. पांढरी साडी म्हणाल, तर ख्रिस्ती घरात मातीला पांढरंच नेसतात; आणि हडळ कोरं लुगडं आणत नाही. तेही कुंकवाशिवाय, बांगड्यांशिवाय, म्हणजे जिच्यासाठी आणलं ती विधवा हे तिला ठाऊक. आणि ह्या डबीत राख नाही.”

लंकाबाईंनी डबी उघडली. वास आला आणि त्यांचा चेहराच बदलला.

“मिश्री,” त्या म्हणाल्या. “माझी मिश्री. तिला ठावं… म्या मिश्रीबिगर…”

“पन मग घरी का न्हाई आली?” रुपालीने विचारलं. “समदे आधी घरी येत्यात, तोंड बघायला.”

“ते मलाही कळलं नाही,” प्रार्थना म्हणाली. “मसणात चार वाजता आलेली पोरगी अर्ध्या मैलावरच्या घरी येत नाही. तिला कुणीतरी बजावलेलं असणार. ते इथे एकच माणूस सांगू शकतो.”

रामहरी दाराजवळच खाली बसला. एवढा दांडगा माणूस, पण बसताना लहान दिसला.

“बापाच्या मातीला,” तो म्हणाला, “मी दारात म्हनलो हुतो. ह्या उंबऱ्याला पाय लावू नगंस. आई मरंल तवा ये, ते बी मसणात.” त्याने आईकडे बघितलं नाही. “मला वाटलं, रागात बोललो, ती इसरली आसंल.”

दोघी एकाच वेळी एकमेकींची वाट बघत होत्या, एक ओट्यावर, एक मसणवटीत, आणि मधे फक्त याचा एक शब्द होता. काकांना रामहरीचा राग आला आणि लगेच कीवही आली.

“पिशवीवर घोडेगावच्या दुकानाचा नंबर होता,” प्रार्थना म्हणाली. “दुकानदाराला आठवत होतं. योसेफ ड्रायव्हरची बायको, सोमवारी दुकान उघडताच आली, रडत होती. त्याने नंबर दिला. मी लावला आणि ठेवून दिला. तिच्यापर्यंत क्लिप पोचली, खुलासा पोचला नाही; तिला अजून वाटतंय आई गेली. माती आधीच उरकली, आपल्याला उशीर झाला, असं समजून ती परत गेलीय. उद्या दहावा आहे. उद्या ती पुन्हा त्याच दगडाशी येईल. तिला आज काय सांगायचं, ते माझं काम नाही.”

तिने मोबाईल पुढे केला. लंकाबाईंनी हात मागे घेतला.

“म्या हाक न्हाई मारनार. वचन हाय.”

रामहरी उठला. त्याने फोन घेतला आणि कानाला लावायच्या आधी दोनदा शर्टाला पुसला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होतं. तिकडून बाईचा आवाज आला.

“कोन?”

“रामा बोलतोय.”

पलीकडून घाईने, विनवणीच्या सुरात: “दादा, उद्या दहाव्याला येऊ दे. म्या फुडं न्हाई येनार. लांबच हुबी ऱ्हाते, कुनाला दिसनार न्हाई.”

रामहरीने ओठ हलवले, मान हलवली, आणि शेवटी कसंबसं म्हणाला, “घरी ये. उंबऱ्यातनं ये. आईला… आईशी बोल.”

त्याने फोन म्हातारीच्या कानाशी धरला. तिकडे श्वास ऐकू येत होता, फक्त श्वास. आणि मग, विश्वास न बसणारी, बारीक हाक आली.

“आई?”

हाक लेकीने मारली होती. ओ द्यायला कुणाचं वचन आड येत नव्हतं.

“ओ,” लंकाबाई म्हणाल्या. “ओ, माझे बाय.”

पलीकडे रडण्याचा जो आवाज सुरू झाला, तो ऐकून रुपाली पदरात तोंड घालून बाहेर धावली. काका स्टुलावरून उठले आणि उगाचच खिडकी उघडली. लंकाबाई मात्र रडल्या नाहीत. त्या कोपरावर जोर देऊन उठून बसल्या, रामहरीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि रुपालीला परत बोलवायची खूण केली.

“रुपाले, चूल पेटीव. मला भूक लागलीया.” मग फोनमध्ये, जरा दरडावून: “रडू नगंस. जावई काय खातो, ते सांग आधी.”